चले जाव भाषण (८ ऑगस्ट १९४२)

चले जाव भाषण किंवा ‘करेंगे या मरेंगे’ भाषण या नावाने ओळखले जाणारे भाषण महात्मा गांधींनी शनिवार, ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत केले. ब्रिटिश सत्तेने भारतातून निघून जावे, अशी मागणी करणारा ठराव समितीने त्या दिवशी संमत केला. त्यानंतर गांधीजी आधी हिंदुस्थानीतून आणि मग इंग्रजीतून बोलले. दुसरे महायुद्ध त्या वेळी भारताच्या पूर्व सीमेपर्यंत येऊन ठेपले होते. भाषणानंतर काही तासांतच, ९ ऑगस्टच्या पहाटे, गांधीजींसह काँग्रेसच्या प्रमुख नेत्यांना अटक झाली आणि देशाच्या अनेक भागांत उठाव सुरू झाला.

हे भाषण सर्वसाधारणपणे लढ्याची हाक म्हणून लोकांच्या स्मरणात आहे. प्रत्यक्षात मात्र ‘लढा या क्षणी सुरू होत नाही; आधी मी व्हाइसरॉयना भेटेन आणि त्यात दोन-तीन आठवडे जातील’, अशा आशयाचे विधान गांधीजींनी त्यात केले होते. त्या भेटीची संधीच सरकारने दिली नाही. त्यामुळे भाषणातील योजना मागे पडली आणि ‘करेंगे या मरेंगे’ हे शब्द तेवढे लोकांच्या हाती उरले. या शब्दांचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावला. १९४२ च्या आंदोलनाचे सामर्थ्य आणि त्याविषयीचे वाद या दोहोंचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

पार्श्वभूमी

युद्धाची घोषणा

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतही युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. ही घोषणा करताना केंद्रीय विधिमंडळाचा किंवा कोणत्याही भारतीय नेत्याचा सल्ला घेतला गेला नाही. लोकशाहीच्या रक्षणासाठी हे युद्ध असेल, तर त्या लोकशाहीत भारताचे स्थान कोणते, असा प्रश्न काँग्रेसने विचारला. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतातील बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ त्यांपैकी एक होते.

मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने लाहोर येथे मुस्लिमबहुल प्रदेशांसाठी स्वतंत्र राज्यांची मागणी करणारा ठराव केला. ८ ऑगस्ट १९४० रोजी व्हाइसरॉयनी मांडलेल्या प्रस्तावात कार्यकारी मंडळाच्या विस्ताराचे व युद्धोत्तर राज्यघटनेचे आश्वासन होते; प्रत्यक्ष सत्तांतराचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. काँग्रेसने तो नाकारला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबा भावे यांच्या भाषणाने वैयक्तिक सत्याग्रहाला प्रारंभ झाला. ब्रिटन संकटात असताना सामुदायिक लढा उभारून त्याची अडवणूक करू नये, अशी त्या वेळी गांधीजींची भूमिका होती. म्हणूनच हा सत्याग्रह निवडक व्यक्तींपुरता मर्यादित ठेवण्यात आला. अवघ्या दोन वर्षांत ही भूमिका का बदलली, हे समजण्यासाठी १९४२ च्या पहिल्या सहामाहीतील घटनाक्रम पाहावा लागतो.

युद्ध दाराशी

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून पडले आणि त्याच महिन्यात अंदमान बेटे जपानच्या ताब्यात गेली. ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकिनाडा येथे जपानी विमानांनी बाँब टाकले. ब्रह्मदेशातील लाखो भारतीय डोंगर-जंगलांतून पायी मायदेशाकडे निघाले. त्यांतील अनेकांना वाटेतच मृत्यू आला. माघारीच्या वाटांवर आणि वाहनांत युरोपीय लोकांना मिळालेली सवलत व भारतीयांच्या वाट्याला आलेली उपेक्षा यांच्या हकिकती निर्वासितांबरोबर गावोगाव पोहोचल्या. शत्रूच्या हाती साधने लागू नयेत म्हणून बंगालच्या किनारी भागात सरकारने नावा व धान्यसाठे ताब्यात घेण्यास सुरुवात केली. नाव हेच ज्यांच्या उपजीविकेचे साधन होते, त्या कोळ्यांवर व शेतकऱ्यांवर याचा थेट आघात झाला.

ब्रिटिशांनी मलाया व ब्रह्मदेश ज्या रीतीने सोडला, तसाच ते भारतही सोडतील, ही शंका लोकांत बळावली. त्यातून दोन धोके गांधीजींना दिसत होते : एक म्हणजे भयाने आलेली हतबलता आणि दुसरा म्हणजे ब्रिटिशांवरील रोषापोटी जपानचे स्वागत करण्याची वृत्ती. एका मालकाच्या जागी दुसरा मालक आणण्यात स्वातंत्र्य नाही, असे ते ‘हरिजन’ साप्ताहिकातून सांगत होते. ब्रिटिशांची उपस्थितीच जपानला आक्रमणाचे निमंत्रण ठरते, असा युक्तिवादही त्यांनी या काळात केला.

क्रिप्स शिष्टाई

मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळाने सर स्टॅफर्ड क्रिप्स यांना भारतात पाठविले. युद्धानंतर वसाहतीचे स्वराज्य आणि घटना समिती, असे त्यांच्या प्रस्तावाचे स्वरूप होते. ज्या प्रांतांना नव्या संघराज्यात यायचे नसेल त्यांना बाहेर राहण्याची मुभा होती. युद्धकाळात संरक्षणाची जबाबदारी ब्रिटिशांकडेच राहणार होती. प्रांतांना दिलेली ही मुभा, संस्थानिकांनी नेमलेले प्रतिनिधी आणि संरक्षण खाते या मुद्द्यांवर काँग्रेसने आक्षेप घेतला. पाकिस्तानची मागणी स्पष्टपणे मान्य झाली नाही म्हणून मुस्लिम लीगनेही नकार दिला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बोलणी फिसकटली आणि क्रिप्स परतले. वाटाघाटींचा मार्ग तूर्त संपला, अशी भावना त्यानंतर काँग्रेसमध्ये दृढ झाली.

ठरावाची जडणघडण

ब्रिटिशांनी भारत सोडावा, ही मागणी गांधीजींनी एप्रिल-मे १९४२ मध्ये उघडपणे मांडावयास सुरुवात केली. एप्रिलअखेर अलाहाबाद येथे भरलेल्या काँग्रेस समितीच्या बैठकीसाठी त्यांनी ठरावाचा मसुदा मीराबेन यांच्याबरोबर पाठविला. त्यावर कार्यकारिणीत तीव्र मतभेद झाले. फॅसिझमविरोधी युद्धात मित्रराष्ट्रांची, विशेषतः चीन व रशियाची, बाजू दुबळी होऊ नये, याची जवाहरलाल नेहरू यांना चिंता होती. मौलाना अबुल कलाम आझाद यांनाही लढ्याच्या वेळेविषयी शंका होती. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तर लीगशी समझोता करून युद्धकाळात राष्ट्रीय सरकार स्थापन करावे, असा वेगळाच मार्ग सुचविला. तो फेटाळला गेल्यावर ते काँग्रेसमधून बाहेर पडले.

पुढील दोन महिन्यांत दोन्ही बाजू जवळ आल्या. परदेशी सैन्याने निघून जावे, असा आग्रह गांधीजींनी आरंभी धरला होता. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर सेवाग्रामला आठवडाभर राहिले. याच सुमारास गांधीजींनी आपली भूमिका अधिक स्पष्ट केली. स्वतंत्र भारताच्या सरकारशी करार करून मित्रराष्ट्रांचे सैन्य युद्ध संपेपर्यंत भारतात राहू शकेल, हे त्यांनी मान्य केले. चीनचे चँग कै-शेक आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेल्या पत्रांतही त्यांनी हेच कळविले. १४ जुलै १९४२ रोजी वर्धा येथे काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्ता संपुष्टात आणण्याची मागणी करणारा ठराव केला आणि अंतिम निर्णयासाठी मुंबईत समितीची बैठक बोलावली.

‘चले जाव’ हे शब्द

मुंबईच्या ठरावात ‘क्विट इंडिया’, म्हणजेच ‘भारत छोडो’, हे शब्द नाहीत. भारतातील ब्रिटिश सत्ता मागे घेण्याची मागणी त्यात आहे. आटोपशीर व ठसठशीत असे हे घोषवाक्य समाजवादी नेते युसूफ मेहेरअली यांनी सुचविले, असे सामान्यतः मानले जाते. मेहेरअली त्या वर्षी मुंबईचे महापौर होते आणि १९२८ मधील ‘सायमन, परत जा’ या घोषणेचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. मराठीत या घोषणेसाठी ‘चले जाव’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. ही घोषणा ब्रिटिशांना उद्देशून होती, तर ‘करेंगे या मरेंगे’ हे शब्द स्वतः भारतीयांना उद्देशून होते. दोन्ही घोषणा नेहमी एकत्र घेतल्या जात असल्या, तरी हा भेद महत्त्वाचा आहे.

मुंबईची बैठक

काँग्रेस समितीची बैठक ७ व ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँक मैदानावर उभारलेल्या मंडपात झाली. हे स्थळ काँग्रेसच्या इतिहासात आधीपासूनच महत्त्वाचे होते. डिसेंबर १८८५ मध्ये काँग्रेसचे पहिले अधिवेशन ज्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले, ती याच परिसरात आहे.

अध्यक्षस्थानी मौलाना आझाद होते. ठराव नेहरूंनी मांडला आणि वल्लभभाई पटेल यांनी त्याला अनुमोदन दिले. ज्या नेहरूंना एप्रिलमध्ये लढ्याविषयी शंका होत्या, त्यांनीच तो मांडावा, यावरून चार महिन्यांतील प्रवास लक्षात येतो. ठरावातील तीन गोष्टी भाषण समजण्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, स्वतंत्र भारताचे हंगामी सरकार मित्रराष्ट्रांच्या बाजूने उभे राहील आणि सशस्त्र व अहिंसक अशा दोन्ही साधनांनी आक्रमणाचा प्रतिकार करील, असे आश्वासन त्यात होते. दुसरी, शक्य तितक्या व्यापक प्रमाणावर अहिंसक सामुदायिक लढा सुरू करण्यास मान्यता देऊन त्याचे नेतृत्व गांधीजींकडे सोपविण्यात आले. तिसरी, पुढे सूचना देणे किंवा त्या लोकांपर्यंत पोहोचणे अशक्य झाले, तर प्रत्येक स्त्री-पुरुषाने सर्वसाधारण आदेशांच्या चौकटीत राहून स्वतःच स्वतःचे मार्गदर्शक व्हावे, असे ठरावात नमूद होते.

साम्यवादी सदस्यांनी मांडलेल्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या आणि ठराव प्रचंड बहुमताने संमत झाला. विरोधात तेरा मते पडली.

भाषणाचा आशय

ठराव संमत झाल्यावर बहात्तर वर्षांचे गांधीजी बोलावयास उठले. भाषणाचा आरंभ त्यांनी विरोधकांच्या अभिनंदनाने केला. दुरुस्त्या मताला टाकण्याचा आग्रह धरणाऱ्या तीन सदस्यांचे आणि विरोधात मत देणाऱ्या तेरा जणांचे त्यांनी धैर्याबद्दल कौतुक केले. आपण अल्पमतात असताना व लोक हसत असतानाही धीर न सोडणे, हाच वीस वर्षांचा आपला अभ्यास आहे, असे त्यांनी सांगितले.

भाषणाचा मोठा भाग हिंदू-मुस्लिम ऐक्याविषयी आहे. खिलाफतीच्या काळातील अली बंधूंचे सहकार्य त्यांनी आठवले, बॅ. जिना यांच्या आरोपांना उत्तर दिले आणि काँग्रेस कोणा एका धर्मीयांचे राज्य आणण्यासाठी लढत नसून सर्व भारतीयांच्या स्वातंत्र्यासाठी लढत आहे, असे प्रतिपादन केले. मुसलमानांवर हिंदूंचे वर्चस्व राहावे असे मानणाऱ्या हिंदूंचे प्रतिनिधित्व आपण करीत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. नंतरच्या स्मरणात भाषणाचा हा भाग बहुधा वगळला जातो.

त्यानंतर ते लढ्याकडे वळले. लढा लगेच सुरू होत नसून आपण प्रथम व्हाइसरॉयना भेटून काँग्रेसची मागणी मान्य करण्याची विनंती करू, असे त्यांनी सांगितले. ही भेट मंत्रिपदांसाठी किंवा किरकोळ सवलतींसाठी घासाघीस करण्याची नसेल. पूर्ण स्वातंत्र्याहून कमी काहीही आपण स्वीकारणार नाही, असे त्यांनी बजावले. मधल्या दिवसांत लोकांनी चरख्याचे व विधायक कार्यक्रमाचे काम करावे आणि मुख्य म्हणजे या क्षणापासून प्रत्येकाने स्वतःला स्वतंत्र समजावे व तसे वागावे, असे त्यांनी सांगितले. गुलाम ज्या क्षणी स्वतःला मुक्त मानतो, त्या क्षणी त्याच्या बेड्या तुटतात, हा या प्रतिपादनाचा गाभा होता.

याच ओघात त्यांनी एक छोटासा मंत्र दिला : ‘करेंगे या मरेंगे’. हा मंत्र हृदयावर कोरून ठेवा आणि प्रत्येक श्वासातून तो प्रकट होऊ द्या, असे आवाहन त्यांनी केले. देश स्वतंत्र करू किंवा त्या प्रयत्नात प्राण देऊ, गुलामी चालू राहिलेली पाहण्यासाठी जगणार नाही, असा त्याचा अर्थ त्यांनीच सांगितला. येथे मरण्याचा निर्धार आहे. मारण्याला परवानगी नाही.

समाजाच्या निरनिराळ्या घटकांसाठी त्यांनी वेगवेगळ्या सूचना दिल्या. वृत्तपत्रांनी सरकारी दडपणाला व आमिषाला बळी न पडता निर्भयपणे काम करावे. संस्थानिकांनी मालकी सोडून प्रजेचे विश्वस्त व्हावे. सरकारी नोकरांनी लगेच राजीनामे देण्याची गरज नाही, मात्र आपली निष्ठा काँग्रेसशी आहे हे त्यांनी उघडपणे सांगावे. या ठिकाणी त्यांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे उदाहरण दिले. रानडे यांनी न्यायाधीशपद सोडले नाही. पण आपण काँग्रेसचे आहोत हे लपविलेही नाही आणि मतांचा परिणाम न्यायदानावर होऊ दिला नाही. सैनिकांनी नोकरी न सोडता न्याय्य आज्ञा पाळाव्यात, मात्र स्वदेशबांधवांवर गोळी चालविण्यास नकार द्यावा. विद्यार्थ्यांनी आपण काँग्रेसच्या बाजूचे आहोत हे शिक्षकांना सांगावे आणि वेळ येताच शिक्षण सोडण्याची तयारी ठेवावी.

काहीही गुप्तपणे करू नये, यावर त्यांचा विशेष भर होता. हे उघड बंड आहे, अशा लढ्यात गुप्तता हे पाप आहे आणि स्वतंत्र माणूस छुप्या चळवळीत पडत नाही, असे ते म्हणाले. पुढील घडामोडी पाहता हा मुद्दा अतिशय महत्त्वाचा ठरतो.

हिंदुस्थानी भाषणानंतरचे इंग्रजी भाषण मुख्यतः परदेशी श्रोत्यांसाठी होते. लॉर्ड लिनलिथगो यांच्याशी असलेल्या वैयक्तिक मैत्रीचा व दिवंगत मित्र चार्ल्स अँड्र्यूज यांचा उल्लेख करून, हा निर्णय आपण ब्रिटिशांच्या द्वेषातून नव्हे तर अंतरात्म्याच्या आदेशावरून घेत आहोत, असे त्यांनी सांगितले.

संहितेविषयी

‘चले जाव भाषण’ या एका नावाखाली प्रत्यक्षात तीन भाषणे येतात : ७ ऑगस्टचे ठरावाच्या चर्चेपूर्वीचे भाषण, ८ ऑगस्टचे हिंदुस्थानी भाषण आणि त्याच रात्रीचे इंग्रजी भाषण. अनेक संग्रहांत व पाठ्यपुस्तकांत ८ ऑगस्टचे म्हणून छापला जाणारा उतारा वास्तविक ७ ऑगस्टच्या भाषणातील असतो. आपण १९२० मध्ये होतो तेच आजही आहोत का, या प्रश्नाला दिलेले उत्तर, कार्लाइलच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथाचा उल्लेख आणि आपले भांडण ब्रिटिश जनतेशी नसून साम्राज्यशाहीशी आहे हे विधान, ही त्या भाषणाची ओळखीची लक्षणे होत. ‘करेंगे या मरेंगे’ हा मंत्र ८ ऑगस्टच्या हिंदुस्थानी भाषणात आहे. त्या भाषणाचा मजकूर पुढे प्रामुख्याने इंग्रजी अनुवादातून प्रसृत झाला.

अटकसत्र

सरकारची तयारी आधीच झाली होती. काँग्रेसविरुद्ध प्रचार कसा करावा, याविषयी माहिती खात्याचे सचिव सर फ्रेडरिक पकल यांनी जुलैमध्ये काढलेले गुप्त परिपत्रक गांधीजींच्या हाती लागले होते व त्यांनी ते प्रसिद्ध केले होते. अटक लगेच होणार नाही, असा मात्र गांधीजींचा कयास होता.

रविवार, ९ ऑगस्टच्या पहाटे मलबार हिलवरील बिर्ला हाउसमध्ये गांधीजी, महादेव देसाई व मीराबेन यांना ताब्यात घेण्यात आले. निघण्यापूर्वी त्यांनी प्यारेलाल यांच्यामार्फत शेवटचा संदेश दिला : प्रत्येक अहिंसक सैनिकाने ‘करेंगे या मरेंगे’ हे शब्द कागदावर किंवा कापडावर लिहून आपल्या कपड्यांवर लावावेत, म्हणजे सत्याग्रह करताना मृत्यू आला तर त्या चिन्हावरून तो इतरांहून वेगळा ओळखता येईल. अटक झालेल्या नेत्यांना विशेष गाडीने व्हिक्टोरिया टर्मिनसवरून नेण्यात आले. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. नेहरू, पटेल, आझाद आदी कार्यकारिणी सदस्यांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. त्याच दिवशी शिवाजी पार्कवर गांधीजींऐवजी भाषण करण्यास निघालेल्या कस्तुरबांनाही अटक झाली.

९ ऑगस्टच्या सकाळी गोवालिया टँक मैदानावर अरुणा असफअली यांनी तिरंगा फडकविला. पोलिसांनी जमावावर अश्रुधूर सोडला व लाठ्या चालविल्या. काँग्रेसच्या समित्या बेकायदेशीर ठरविण्यात आल्या आणि वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले.

लढा सुरू झाल्यास काय करावे, याचा एक मसुदा गांधीजींनी ४ ऑगस्टला तयार केला होता. हरताळाच्या दिवशी चोवीस तासांचा उपवास व प्रार्थना, मिठावरील कायद्याचा भंग, शेतसारा न देणे अशा शिस्तबद्ध कृती त्यात होत्या. त्याला अंतिम रूप येण्यापूर्वीच नेते तुरुंगात गेले. ठरावातील ‘प्रत्येकाने स्वतःचा मार्गदर्शक व्हावे’ हे कलम अशा रीतीने पहिल्याच दिवशी लागू झाले.

भाषणानंतरचा उठाव

पहिल्या टप्प्यात शहरांत हरताळ, मोर्चे व संप झाले. ऑगस्टच्या मध्यापासून आंदोलन खेड्यांत पसरले आणि रेल्वेमार्ग, तारा, टपाल कार्यालये व पोलीस ठाणी ही सत्तेची प्रतीके त्याचे लक्ष्य बनली. बिहार व पूर्व संयुक्त प्रांतात काही काळ सरकारी अंमल जवळजवळ नाहीसा झाला. बलिया, बंगालमधील तामलुक आणि महाराष्ट्रातील सातारा येथे समांतर सरकारे स्थापन झाली. ३१ ऑगस्टला लिनलिथगो यांनी पंतप्रधान चर्चिल यांना पाठविलेल्या तारेत १८५७ नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड असल्याचे म्हटले होते.

सरकारने लष्कराच्या ५७ तुकड्या वापरल्या आणि काही ठिकाणी विमानांतूनही गोळीबार केला. सरकारी आकडेवारीनुसार १९४३ अखेर ९१,८३६ जणांना अटक झाली आणि पोलीस व लष्कराच्या गोळीबारात १,०६० जण मृत्युमुखी पडले. २०८ पोलीस चौक्या, ३३२ रेल्वे स्थानके व ९४५ टपाल कार्यालये यांची नासधूस झाली. मृतांचा खरा आकडा याहून बराच मोठा असल्याचे काँग्रेसचे म्हणणे होते.

महाराष्ट्रात १६ ऑगस्टला चिमूर व आष्टी येथे जमाव आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. त्यानंतर चिमूरमध्ये झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी प्रदीर्घ उपोषण केले. ९ सप्टेंबरला वडूज येथे मोर्चावर गोळीबार झाला. त्याच दिवशी नंदुरबारला शिरीषकुमार व त्याचे बालसाथी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मुंबईतून उषा मेहता व त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. तो नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलिसांनी बंद पाडला. अच्युतराव पटवर्धन, एस. एम. जोशी, साने गुरुजी आदींनी भूमिगत राहून काम केले. जानेवारी १९४३ मध्ये सिद्धगड येथे भाई कोतवाल पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात लोकन्यायालये चालवीत होते.

अहिंसा आणि जबाबदारीचा वाद

गांधीजींनी गुप्ततेला पाप म्हटले होते. तरीही नेत्यांच्या अटकेनंतर आंदोलन टिकले ते मुख्यत्वे भूमिगत कार्यकर्त्यांमुळे. तारा तोडणे किंवा रूळ उखडणे अहिंसेत बसते का, याविषयी कार्यकर्त्यांतच मतभेद होते. मनुष्यहानी होत नसेल तर ते बसते, असे अनेकांनी मानले. भारतमंत्री लिओपोल्ड ॲमरी यांनी अटकेचे समर्थन करताना काँग्रेसच्या कथित घातपाती योजनांची जाहीर वाच्यता केली. लोकांना कार्यक्रम मिळाला तो या वक्तव्यातूनच, असे आंदोलनातील काही जणांचे म्हणणे होते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये सरकारने पुस्तिका प्रसिद्ध करून हिंसाचाराची जबाबदारी काँग्रेसवर टाकली. ‘करेंगे या मरेंगे’ हे शब्द त्यात पुरावा म्हणून मांडण्यात आले. आपल्याला वाटाघाटीची संधी न देता केलेली अटक आणि सरकारची दडपशाही यांतूनच लोकक्षोभ उसळला, असे उत्तर गांधीजींनी दिले. तत्पूर्वी १० फेब्रुवारीपासून त्यांनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचा उपवास आरंभला होता. मे १९४४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी घातपाताच्या कृत्यांना आपली संमती नसल्याचे सांगितले आणि भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. त्यांच्या धैर्याविषयीचा आदर मात्र त्यांनी लपविला नाही.

विरोध व टीका

मुस्लिम लीगने आंदोलनापासून दूर राहण्याचा आदेश आपल्या अनुयायांना दिला. हे आंदोलन मुसलमानांची मागणी डावलून सत्ता मिळविण्यासाठी आहे, असा तिचा आरोप होता. हिंदुमहासभेचे अध्यक्ष विनायक दामोदर सावरकर यांनी आपल्या अनुयायांना सरकारी व लष्करी पदे न सोडण्यास सांगितले. जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यानंतर साम्यवादी पक्षाने युद्धाला ‘लोकयुद्ध’ मानले होते. म्हणून त्यानेही लढ्याला विरोध केला. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मते, जपान सीमेवर असताना अशी चळवळ करणे देशहिताचे नव्हते. राजगोपालाचारी यांचा विरोधही कायम राहिला. काँग्रेसचे नेते तीन वर्षे तुरुंगात असताना मुस्लिम लीगला संघटना वाढविण्यास मोकळे रान मिळाले आणि त्याचा परिणाम फाळणीच्या राजकारणावर झाला, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे.

परिणाम आणि स्मृती

लष्करी बळाने उठाव १९४२ च्या अखेरीस बहुतांशी मोडून काढला गेला. त्या अर्थाने आंदोलनाचे तात्कालिक उद्दिष्ट साध्य झाले नाही. मात्र युद्ध संपल्यावर भारतीयांच्या संमतीवाचून राज्य चालविता येईल, हा विश्वास ब्रिटिश राज्यकर्त्यांत उरला नव्हता. स्वातंत्र्यप्राप्तीत १९४२ चा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. आझाद हिंद सेनेचे खटले, फेब्रुवारी १९४६ मधील नाविकांचे बंड, ब्रिटनची युद्धोत्तर आर्थिक स्थिती आणि मजूर पक्षाचे सरकार ही कारणेही त्याबरोबर विचारात घेतली जातात.

या लढ्याची किंमत गांधीजींना वैयक्तिक आयुष्यातही मोजावी लागली. आगाखान पॅलेसमध्ये १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेव देसाई यांचे आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. दोघांच्या समाध्या तेथेच आहेत. १९६९ मध्ये आगाखान यांनी ही वास्तू भारताला दिली.

गोवालिया टँक मैदान आता ऑगस्ट क्रांती मैदान म्हणून ओळखले जाते आणि तेथे स्मारक उभारलेले आहे. ९ ऑगस्ट हा ‘क्रांतिदिन’ म्हणून पाळला जातो. मुंबई-दिल्ली मार्गावरील एका राजधानी एक्सप्रेसलाही ‘ऑगस्ट क्रांती’ हे नाव देण्यात आले आहे. स्मृतिदिन भाषणाच्या तारखेला नव्हे, तर दुसऱ्या दिवशीच्या तारखेला पाळला जातो. ८ ऑगस्टला नेत्याने मंत्र दिला. ९ ऑगस्टला नेता नसताना लोकांनी तो आपला केला.